साखळी आणि चषक : सॅन होजेच्या २०१२ च्या मोसमाचा ताळेबंद

३४ सामन्यांत ६६ गुण मिळवणारा संघ श्रेष्ठ, की तेवढ्याच सामन्यांत ५४ गुण मिळवणारा? आपल्या मराठी शाळेतल्या चौथीच्या मुलालाही हा प्रश्न अवघड वाटणार नाही. पण २०१२ साली अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरने त्याचे उत्तर असे दिले : ६६ गुणवाल्यांना एक ढाल, आणि ५४ गुणवाल्यांना विजेतेपद. ढाल मिळाली ती सॅन होजे अर्थक्वेक्सला. त्यांचे त्या वेळचे घरचे मैदान होते आपल्या सांता क्लारा विद्यापीठातले बक शॉ स्टेडियम. विजेतेपद मिळाले लॉस एंजेलिस गॅलक्सीला. या निकालाला बारा वर्षांहून अधिक काळ लोटला. मधल्या काळात सॅन होजेने एवढा चांगला मोसम पुन्हा खेळला नाही. त्या मोसमाचा ताळेबंद शांतपणे मांडावा, आणि ज्या पद्धतीने त्याला दुय्यम ठरवले त्या पद्धतीचीही थोडी तपासणी करावी, एवढाच या लेखाचा हेतू.

तुम्ही म्हणाल, आपण क्रिकेटची माणसे, आपल्याला या चेंडूचे काय? एक काळ ते खरे होते. पण या खोऱ्यात घर केलेल्या मराठी कुटुंबांत फुटबॉल शिरला तो मुलांच्या मागून. शनिवारी सकाळी घडीच्या खुर्च्या, संत्र्याच्या फोडी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन उद्यानात उभे राहता राहता आई-बापांना ऑफसाइड कळू लागले. मग कधीतरी कॅलट्रेनच्या सांता क्लारा स्थानकाजवळच्या त्या चिमुकल्या स्टेडियमची तिकिटे काढली गेली. जेमतेम साडेदहा हजार माणसांचे मैदान. खेळाडूंची हाक ऐकू यावी इतके जवळचे, आणि विमानतळ शेजारीच असल्याने डोक्यावरून जाणारी विमाने! २००८ ते २०१४ अशी सात वर्षे अर्थक्वेक्स तिथे खेळले. त्यांच्या सर्वांत मोठ्या मोसमाचे यजमानपद अशा रीतीने सॅन होजेकडे नव्हे, सांता क्लाराकडे आले.

आता मोसमाकडे वळू. १९ विजय, ९ बरोबरी, ६ पराभव. ७२ गोल केले, ४३ खाल्ले. दुसऱ्या क्रमांकावरच्या स्पोर्टिंग कॅन्सस सिटीचे गुण ६३. प्रशिक्षक फ्रँक यॅलप वर्षातले सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले, आणि ख्रिस वोन्डोलोव्स्की सर्वोत्तम खेळाडू. त्याने २७ गोल केले आणि रॉय लॅसिटरच्या १९९६ मधल्या विक्रमाशी बरोबरी साधली. हा वोन्डोलोव्स्की आपल्याच परिसरातला, डॅनव्हिलचा. नामांकित विद्यापीठाचा शिक्का त्याच्यावर नव्हता. चिको स्टेटसारख्या दुसऱ्या श्रेणीच्या महाविद्यालयीन संघातून तो २००५ मध्ये, मुख्य निवड आटोपल्यावर जी उरलीसुरली पुरवणी निवड होत असे तिच्यातून आला. त्याचा वेग काही डोळे दिपवणारा नव्हता, पायात ब्राझीलची जादूही नव्हती. त्याच्याकडे एकच विद्या होती : चेंडू जिथे पडणार आहे तिथे बचावपटूच्या आधी अर्धे पाऊल जाऊन उभे राहणे. वर्षभर सकाळी वेळेवर येऊन नेमके काम करणाऱ्या सहकाऱ्याकडे जसे कुणाचे लक्ष जात नाही, तसा तो पहिली काही वर्षे दुर्लक्षितच राहिला.

त्याच्या जोडीला स्टीव्हन लेनहार्ट आणि ॲलन गॉर्डन हे दोन धिप्पाड आघाडीपटू होते. बगलेवरून चेंडू उंच टाकायचा, या दोघांनी त्याखाली बचावाची दाणादाण उडवायची, आणि त्या गोंधळात वोन्डोलोव्स्कीने चेंडू जाळ्यात सारायचा, अशी ही साधी रांगडी रीत. सौंदर्यवादी मंडळींना ती कधी आवडली नाही. पण तिच्या आधाराने या संघाने शेवटच्या मिनिटांत इतके सामने फिरवले की १९८५ च्या एका बालचित्रपटावरून त्यांना 'गूनीज' असे लाडके नाव पडले. २३ मे रोजी लॉस एंजेलिसमध्ये ०-२ अशा पिछाडीवरून त्यांनी ३-२ असा सामना जिंकला. निर्णायक गोल गॉर्डनचा, भरपाईच्या वेळात. ३० जूनला स्टॅनफर्ड स्टेडियमवर ५०,३९१ प्रेक्षकांसमोर पुन्हा मागून येऊन त्याच गॅलक्सीला ४-३ असे हरवले. ऑक्टोबरमधला तिसरा सामना २-२ असा सुटला. साखळीत तीन वेळा गाठ पडली आणि गॅलक्सीला एकदाही जिंकता आले नाही.

मग आली बाद फेरी. पश्चिम विभागात चौथा आलेला गॅलक्सी व्हँकुव्हरला हरवून पुढे सरकला. ४ नोव्हेंबरला लॉस एंजेलिसमध्ये पहिल्या लढतीत व्हिक्टर बर्नार्देसच्या अगदी शेवटच्या फ्री किकवर सॅन होजे १-० असे जिंकले. पण तीनच दिवसांनी बक शॉवर रॉबी कीनने दोन आणि माइक मगीने एक गोल केला. ०-३ अशा पिछाडीवरून गॉर्डनने एक गोल फेडला, पण तेवढाच. एकूण ३-२ अशा फरकाने मोसम संपला. मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत कमावलेले सारे एका बुधवारच्या रात्री गेले. अंतिम सामन्यात गॅलक्सीने ह्यूस्टनला ३-१ असे हरवले; डेव्हिड बेकहॅमचा तो गॅलक्सीसाठी शेवटचा सामना. गॅलक्सीचे साखळीतले गुण ५४, ह्यूस्टनचे ५३. एक पश्चिमेत चौथा, दुसरा पूर्वेत पाचवा. देशातला सर्वश्रेष्ठ संघ कोण याचा निवाडा या दोघांत झाला!

इथे दुसऱ्या बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे, नाहीतर ही टीका राहणार नाही, नुसते रडगाणे होईल. पहिला मुद्दा असा की अमेरिकेची गुणतालिका युरोपातल्यासारखी निर्मळ नसते. २०१२ मध्ये लीगमध्ये १९ संघ होते. सॅन होजे आपल्या विभागातल्या आठ संघांशी प्रत्येकी तीन वेळा खेळले आणि पूर्वेकडच्या दहा संघांशी एकेकदाच. म्हणजे कॅन्सस सिटीचे ६३ आणि सॅन होजेचे ६६ गुण एकाच प्रश्नपत्रिकेवरचे नव्हते. हा आक्षेप रास्त आहे. देश एवढा मोठा आणि प्रवास एवढा लांबचा असल्यावर शेवटी सगळ्यांना एका मांडवाखाली आणावे लागते, हेही मान्य. पण गॅलक्सी तर पश्चिमेचाच! त्याची आणि सॅन होजेची प्रश्नपत्रिका जवळपास तंतोतंत एकच होती. त्या दोघांतला १२ गुणांचा फरक वेळापत्रकाच्या माथी मारता येत नाही.

दुसरा मुद्दा खुद्द संघाच्या खेळाचा, आणि तो अधिक बोचरा आहे. शेवटच्या मिनिटाला सामना फिरवणाऱ्याचे आपण कौतुक करतो. पण मुळात तो मागे का पडला, हे विचारत नाही. ३४ सामन्यांत ४३ गोल खाणारा बचाव काही अभेद्य नव्हता. साखळीत हे खपून जाते, कारण चार दिवसांनी दुसरा सामना असतो आणि आघाडीचे गडी पुन्हा ७२ गोलांतला आपला वाटा उचलतात. बाद फेरीत मात्र पहिल्या तासाभरात तीन गोलांचा खड्डा पडला, तर तो भरायला उरतो फक्त अर्धा तास. कीनसारखा मुरलेला आघाडीपटू समोर असताना सॅन होजेने तो खड्डा स्वतःच्या हाताने खणला. त्या रात्री पद्धतीने त्यांच्यावर अन्याय केला असे मी म्हणणार नाही. तो सामना ते हरले, आणि हरण्यासारखेच खेळले. माझे म्हणणे एवढेच की त्या एका सामन्याच्या निकालाला साऱ्या वर्षाचा निकाल म्हणू नये.

आणि न्याय-अन्यायाचे म्हणाल, तर याच पद्धतीचे मीठ सॅन होजेनेही खाल्ले आहे. २००१ मध्ये साखळीत मायामी फ्यूजन ५३ गुणांनी पहिले होते, सॅन होजे ४५ वर. उपांत्य फेरीत सॅन होजेने मायामीला गारद केले आणि अंतिम सामन्यात गॅलक्सीला २-१ असे हरवून चषक उचलला. २००३ मध्ये गॅलक्सीविरुद्ध दोन लढतींत मिळून ०-४ अशी पिछाडी होती. त्या नोव्हेंबरच्या दिवशी स्पार्टन स्टेडियमवर त्यांनी पाच गोल करून जादा वेळात सामना काढला, आणि पुढे साखळीत पहिल्या आलेल्या शिकागोला अंतिम सामन्यात ४-२ असे नमवले. तेव्हा आपल्या खोऱ्यात कुणीही गुणतालिका उघडून शिकागोसाठी अश्रू ढाळले नाहीत. मग आले २००५. सॅन होजे ६४ गुणांनी साखळीत पहिले, गॅलक्सी ४५ गुणांवर. बाद फेरीत गॅलक्सीने त्यांना बाहेर काढले आणि चषकही नेला. सात वर्षांनी तेच नाटक, तोच खलनायक, फक्त रंगमंच सॅन होजेहून सांता क्लाराला हललेला!

हा घोळ केवळ अमेरिकी डोक्यातून निघालेला नाही. युरोपात, जिथे साखळीचा निकाल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ मानतात, तिथे बेल्जियमने २००९-१० पासून एक अजब प्रयोग आरंभला. नेहमीची साखळी संपली की वरच्या संघांचे गुण निम्मे करायचे आणि त्यांना पुन्हा आपसात खेळवायचे! ब्रसेल्सचा युनियन सेंट-गिलवाझ हा जुना क्लब ४८ वर्षांनी २०२१ मध्ये पहिल्या श्रेणीत परतला आणि पहिल्याच मोसमात ७७ गुणांनी अव्वल आला. क्लब ब्रुगेचे गुण ७२. गुण निम्मे झाले, पाचाचे अंतर तीनावर आले आणि विजेतेपद ब्रुगेने नेले. सगळ्यांना युनियनची दया आली. पण २०२५ मध्ये काय झाले पाहा. साखळीअखेर हेंक ६८ गुणांवर आणि युनियन ५५ वर. गुण निम्मे होताच तेराचे अंतर सहाचे झाले, युनियनने मुसंडी मारली आणि १९३५ नंतर, तब्बल ९० वर्षांनी, विजेतेपद मिळवले. ज्या कात्रीने त्यांचा खिसा कापला, तिच्याच कापडातून त्यांची झूल शिवली गेली. सॅन होजेची आणि या ब्रसेल्सच्या क्लबची पत्रिका जुळते ती अशी.

पण एका बाबतीत बेल्जियमचा व्यवहार अमेरिकेहून स्वच्छ आहे. तिथे लीग वेगळी आणि चषक वेगळा. युनियनने २०२४ मध्ये विजेतेपद गमावले, पण त्याच वर्षी बेल्जियमचा चषक जिंकला. दोन मुकुट, दोन कसोट्या. अमेरिकेतही १९१४ पासून चालत आलेला खराखुरा चषक आहे, यू. एस. ओपन कप, ज्यात लहानमोठे क्लब उतरतात. २०१२ मध्ये सॅन होजे त्यात उपांत्यपूर्व फेरीत सिॲटलकडून हरले. तो पराभव किती जणांना आठवतो? कुणालाच नाही, कारण लीगने आपल्याच पोटात दुसरा चषक निर्माण करून ठेवला आणि सारे तेज तिकडे वळवले. मूळ चषक अंधारात गेला आणि साखळीचा मुकुटही चषकाच्या रीतीने वाटला जाऊ लागला.

आपल्या महाराष्ट्रात हे दोन प्रकार निरनिराळे ठेवण्याची समज जुनी आहे. भाषेपासूनच सुरुवात करा : आपण एकाला 'साखळी' म्हणतो आणि दुसऱ्याला 'बाद'. मुंबईत १९४८ पासून पावसाळ्यात कांगा लीग खेळली जाते, ए पासून जी पर्यंतच्या गटांत. चिखलात, ओल्या खेळपट्टीवर, आठवड्यामागून आठवडा. तिथे एका रविवारी शून्यावर बाद झालेला फलंदाज पुढच्या रविवारी भरपाई करू शकतो. शाळकरी पोरांची हॅरिस शील्ड मात्र बाद पद्धतीची. हरलात की दप्तर उचला. मुंबईचे क्रिकेट या दोन्ही भट्ट्यांत भाजून निघाले, पण कांगा लीगचा निकाल हॅरिस शील्डच्या नियमाने लावा असे कुणी सुचवले नाही. फुटबॉलचेही तेच. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग आणि फेडरेशन कप दोन्ही जिंकले. लीग गुणतालिकेवर, कप बाद फेरीत. एका मोसमात दोन निरनिराळ्या परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे समाधान त्यात होते. सॅन होजेला २०१२ मध्ये असे समाधान मिळण्याची सोयच नव्हती.

कुणी म्हणेल, खरोखर मोठा संघ बाद फेरीतही टिकतोच. मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षे रणजी करंडक जिंकला नाही का? जिंकला, आणि म्हणूनच तो मुद्दा माझ्या बाजूचा आहे. एखाद्या वर्षीचा करंडक नशिबाने मिळू शकतो. पंधरा वर्षे लागोपाठ मिळाला, तेव्हा कुणाला शंका उरली नाही. म्हणजे तिथेही आपण खात्री बाळगली ती सातत्यावर. एकेका करंडकाची मिळून पंधरा कड्यांची साखळीच झाली.

आता त्या ढालीविषयी थोडे. सपोर्टर्स शील्ड ही लीगच्या कार्यालयात जन्मलेली नाही. साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाची कुणीच दखल घेत नाही, हे ठिकठिकाणच्या प्रेक्षकांना खटकले. त्यांनी आपसात वर्गणी काढून ढाल घडवली आणि १९९९ मध्ये ती प्रथम दिली. आपल्या महाराष्ट्र मंडळांचा संसार ज्यांनी वर्गणी, सतरंज्या आणि घरून आणलेल्या बटाटेवड्यांवर उभा केला, त्यांना या ढालीची किंमत वेगळी सांगायला नको. वरून मिळालेल्या मानापेक्षा खालून जमवलेला मान गरिबीचा दिसतो, पण तो देणाऱ्यांनी सामने पाहिलेले असतात. वर्षभर पावसापाण्यात आणि हरत्या दिवशीही जे हजर होते, त्यांनी वर्षभराच्या कामाला दिलेली ही पावती.

ढाल किंवा चषक यांपैकी कुठलीच गोष्ट क्लबला वाचवू शकत नाही, हेही सॅन होजेनेच दाखवले. २००५ मध्ये साखळीत पहिला आलेला तो संघ मोसम संपताच डिसेंबरमध्ये ह्यूस्टनला हलवण्याचे जाहीर झाले. त्या खेळाडूंनी ह्यूस्टनसाठी २००६ आणि २००७ असे सलग दोन चषक जिंकले. २०१२ च्या अंतिम सामन्यात गॅलक्सीसमोर उभा होता तो हाच ह्यूस्टन! आणि तिकडे महिंद्र युनायटेड? कंपनीने २०१० मध्ये संघच बंद केला. दोन्ही मुकुट कपाटात राहिले. सॅन होजेचे नाव, रंग आणि जुने विक्रम मात्र गावातच ठेवले गेले, चाहत्यांनी पाठपुरावा सोडला नाही आणि २००८ मध्ये क्लब परतला, तो आपल्या सांता क्लारात. स्थलांतर केलेल्या आपल्यासारख्यांना यातली गोम लगेच कळते. माणसे गेली तरी नाव कुणीतरी धरून ठेवावे लागते, तरच परत यायला जागा उरते.

पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, यॅलप मोसमाच्या मध्यावर गेले. संघाने ५१ गुण मिळवले. कोलोरॅडोचेही तेवढेच होते, पण बाद फेरीची जागा कोलोरॅडोला मिळाली. ऑगस्ट २०१४ मध्ये सांता क्लारातल्या नव्या कोऱ्या लिव्हाइज स्टेडियमचे उद्घाटन अर्थक्वेक्सच्याच सामन्याने झाले, ४८,७६५ प्रेक्षकांसमोर. २०१५ पासून क्लब सॅन होजेतल्या स्वतःच्या मैदानावर गेला आणि बक शॉ विद्यापीठाच्या मुलामुलींना परत मिळाले. वोन्डोलोव्स्की २०२१ मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर १७१ गोल होते, लीगच्या इतिहासात सर्वाधिक. २७ गोलांचा एका मोसमाचा विक्रम २०१८ मध्ये दुसऱ्याने मोडला होता. १७१ चा आकडा मात्र वर्षानुवर्षे रोज अर्धे पाऊल आधी पोहोचल्याचा आहे, आणि त्याला कुठलीही बाद फेरी हात लावू शकली नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. बाद फेरी खुशाल ठेवा. नोव्हेंबरची ती धडधड कुणाला नको आहे? पण साखळीत पहिल्या येणाऱ्याला 'लीग विजेता' म्हणा आणि नोव्हेंबरच्या उत्सवाच्या विजेत्याला 'चषक विजेता'. दोन कामांना दोन नावे असावीत. हा प्रश्न केवळ फुटबॉलपुरता नाही. आपण अशा घरांतून आलो आहोत जिथे दहावी-बारावीच्या तीन तासांवर आयुष्याचा निकाल लागत असे, आणि अशा खोऱ्यात राहतो जिथे एका तिमाहीच्या आकड्यांवर दहा वर्षांची नोकरी जाते. बाद पद्धत आपल्या हाडीमाशी खिळली आहे. शनिवारी सामना हरून गाडीत गप्प बसलेल्या मुलाला आपण काय सांगतो, यावर तो पुढे स्वतःला कसे मोजणार हे ठरते. त्याला ७ नोव्हेंबर २०१२ ची हार जरूर सांगावी, त्या रात्री संघ का कमी पडला तेही सांगावे. आणि मग त्याच दमात १९ विजय, ७२ गोल आणि ६६ गुणही सांगावेत, कारण तेही त्याच वर्षी, त्याच माणसांनी, इथेच आपल्या गावात मिळवले होते.